मास्तरांना लग्न मानवलं

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा कुशनबाईच्या तोंडात चुका भरलेल्या होत्या. चुका म्हणजे बारीक खिळे. एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्या हातात हातोडी, मग खिळे ठेवायचे कुठे? ओठांत. एकेक जिभेने पुढे सारायचा आणि ठोकायचा. तिला हे काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने सुरुवातीलाच बजावलं होतं, "ठोकताना कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. गिळशील."

म्हणून फोन वाजत राहिला, बंद झाला, पुन्हा वाजला. शेवटी तिने खिळे तळहातावर थुंकले.

"मिसेस बोलताय का?" पलीकडून नर्सचा आवाज.

"कुणाच्या?"

नर्सने मास्तरांचं नाव सांगितलं.

"मी त्यांची कुणी नाही," कुशनबाई म्हणाली. "आमचा घटस्फोट झालाय. तुम्ही तेव्हा शाळेत असाल."

"पण त्यांच्या मोबाइलमध्ये 'घर' म्हणून हाच नंबर आहे हो."

कुशनबाईने डोळे मिटले. घर म्हणे! इतकी वर्षं झाली, माणसाने फोन बदलले, गाड्या बदलल्या, चष्मे बदलले. नंबराचं नाव बदलायला मात्र याला वेळ झाला नाही.

नर्सने पुढची हकीकत सांगितली. मास्तर ड्रायव्हिंग स्कूल चालवत. आजही एका शिकाऊ मुलीच्या शेजारी बसून तिला गल्लीबोळातून फिरवत होते. मध्येच घाम फुटला, छाती धरली. त्या मुलीचा गाडीत बसण्याचा तिसराच दिवस. तिने गाडी तशीच दामटत हॉस्पिटलच्या दारात आणून उभी केली आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत बसली. हार्ट अटॅक होता. शुद्धीवर आहेत. ऑपरेशन करावं लागेल. घरचं कुणीतरी या.

कुशनबाईने अर्धवट सोललेली खुर्ची भिंतीला लावली, अॅप्रन काढला आणि निघाली. का निघालीस, असं कुणी विचारलं असतं तर तिने हातोडी फेकून मारली असती.

कुशनबाई हे तिचं नाव नव्हे, गिऱ्हाइकांनी पाडलेलं. पण आता तिची स्वतःची लेकसुद्धा चेष्टेत तेच म्हणायची. त्याआधी ती मास्तरांची बायको होती आणि त्याच्याही आधी पोटदुखी पोरगी.

म्हणजे झालं असं की, तिचे आईवडील एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं, भांडायलाही बोलावं लागतं. एकाच टेबलाशी जेवायला बसून आई म्हणायची, "बाबांना विचार, आणखी भाजी हवी का." बाबा ताटातून वर न बघता म्हणायचे, "आईला सांग, नको." ती मध्ये बसून इकडचं तिकडे करायची. निरोप पोचवताना आवाजातला राग थोडा कमी करायचा, हेही ती आपणच शिकली होती. जेवण झालं की तिचं पोट दुखायला लागायचं. डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं, मग भूक वाढवायचं, मग पुन्हा जंतांचं. सुट्टीत मावशीकडे गेली की दुखणं गायब! मावशीच्या घरात सकाळपासून नुसता आरडाओरडा, दारं आपटणं, खदाखदा हसणं. मावशी म्हणायची, "हवा बदलली की पोरीचं पोट सुधारतं." हवा बदललेली खरीच, पण ती खिडकीतून येणारी नव्हे. आणि हे कुणाच्याही ध्यानात आलं नाही, तिच्या स्वतःच्याही नाही.

लग्नाच्या वेळी तिची एकच अट होती, नवरा बोलका हवा.

मागितलं ते भरभरून मिळालं. मास्तर बोलायचे. सकाळी डोळे उघडल्यापासून बोलायचे. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून "क्लच दाब, आता सोड, हळू, आरशात बघ" असं सांगायची सवय. ही सवय घरी आल्यावर बूट काढतात तशी काढून ठेवता यायची नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून आमलेट कधी उलटायचं ते सांगायचे. "आता नको... आता नको... हां, उलट!" ती कपडे वाळत घालायला लागली की चिमटा कुठे लावायचा ते सांगायचे. माणूस वाईट नव्हता. हात उगारला नाही, दारू नाही, भानगडी नाहीत. बायको आजारी पडली तर काम बंद ठेवून उशाशी बसायचे. पण उशाशी बसून बोलायचे!

आणि मास्तरांना लग्न मानवलं. लग्नाआधी हा माणूस म्हणजे हँगरला लावलेला शर्ट. दिवसाला सिगारेटचं पाकीट, जेवणाचा पत्ता नाही, पित्ताने रात्ररात्र तळमळणं. तिने सिगारेट सोडवली. कशी, ते तिचं तिला माहीत. लपवणं झालं, फेकणं झालं, अबोला झाला. वेळेवर खायला घातलं. दाताच्या डॉक्टरकडे ओढत नेलं, डोळे तपासून घेतले, खोकला जरा लांबला की छातीचा फोटो काढायला लावला. मास्तरांच्या गालांवर तकाकी आली. लोक म्हणायचे, "वा मास्तर, लग्न मानवलं हो तुम्हाला!" आणि त्याच दमात तिच्याकडे वळून, "तू का गं अशी उतरलीस?"

ती उतरली होती डोकेदुखीने. अर्धशिशी. आधी डाव्या डोळ्यासमोर काचेचा चुरा चमकल्यासारखा व्हायचा, मग अर्ध्या डोक्यात घण पडायला लागायचे, मग उलट्या. खोलीत अंधार करून, बादली शेजारी घेऊन पडून राहायचं. चष्म्याचा नंबर बदलून झाला, डोक्याचे फोटो झाले, कॉफी बंद झाली, चॉकलेट बंद झालं, उशी बदलली. डॉक्टर म्हणायचे, "टेन्शन घेऊ नका." जसं काही ती टेन्शन दुकानातून पिशवी भरून आणत होती.

त्याच सुमाराला घरातल्या खुर्चीची बैठक फाटली, म्हणून ती गल्लीच्या टोकाच्या कारागिराकडे घेऊन गेली. म्हाताऱ्याने जुनं कापड उसवलं, आतला काथ्या उपसला, स्प्रिंगा सुतळीने आवळल्या. ती बघत उभी राहिली, मग स्टुलावर बसली, मग सुतळीचं टोक धरायला लागली. महिन्याभरात रोज जायला लागली. म्हातारा दिवसातून चार वाक्यं बोलायचा. त्या दुकानात तिचं डोकं कधी दुखलं नाही. तोंडात खिळे असल्यावर कुणाला उत्तर द्यावं लागत नाही, हे सुख तिला पहिल्यांदाच कळलं. पुढे म्हातारा थकला तेव्हा त्याने दुकान तिच्या हाती सोपवलं.

लेक शिकायला बाहेरगावी गेली, आणि एका दुपारी तो प्रसंग घडला. ती अंधाऱ्या खोलीत बादलीवर वाकलेली. मास्तर दारात उभे.

"खोल श्वास घे," मास्तर म्हणाले. "आता सोड. अगं, चुकीचा घेतेस. पोटातून घे. छातीतून नाही, पोटातून!"

ती उठली. तोंड धुतलं. बॅगेत चार कपडे कोंबले.

"कुठे निघालीस अशा अवस्थेत?"

"श्वास घ्यायला," ती म्हणाली.

मग घरच्यांची परिषद भरली. सगळ्यांत पुढे मास्तरांची थोरली बहीण, म्हणजे तिच्या नणंदबाई. "मारत नाही, पीत नाही, बाहेर कुणी नाही. मग तुला दुखतंय तरी काय?"

"डोकं, वन्सं!" ती ओरडली. "किती वर्षं सांगतेय, डोकं दुखतंय!"

कुणाला पटलं नाही. तिलाही ते कुणाला पटवून देता आलं नाही. पण ती परत गेली नाही. दुकानाच्या वरच्या खोलीत राहायला लागली. डोकेदुखी आधी लांबली, मग बंद झाली. कधी झाली ते कळलंही नाही. एकदा कात्री शोधताना ड्रॉवरमध्ये गोळ्यांची पट्टी सापडली, तारीख कधीच उलटून गेलेली. तेव्हा ती स्टुलावर बसून एकटीच हसली आणि मग तिला रडूही आलं, कारण इतकं सोपं होतं तर इतकी वर्षं काय केलं?

मास्तर मात्र उतरणीला लागले. लेकीच्या पदवी समारंभात दिसले तेव्हा पोट सुटलेलं, जिना चढताना धाप, बोटं पुन्हा सिगारेटने पिवळी. साखर निघाली, प्रेशर निघालं. नणंदबाई फोन करायच्या, "बबड्याचं बघवत नाही गं." साठीच्या घरातल्या माणसाला बबड्या म्हणणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या.

"मग बघू नका, वन्सं," ती म्हणायची आणि फोन ठेवायची. पण दुपारभर तिची हातोडी खिळ्याऐवजी बोटावर पडायची.

तर आता हॉस्पिटल. मास्तरांचं ऑपरेशन नीट झालं. चेहरा कागदासारखा, नाकात नळी, तरी नर्सला सांगत होते की सलाईनची बाटली थोडी डावीकडे सरकव. बाहेर बाकावर नणंदबाई बसलेल्या. यजमान गेल्यापासून त्या मोठ्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. गुडघे धरलेले, म्हणून बाहेर पडणं बंद. एकटीसाठी काय शिजवायचं, म्हणून चहात पाव बुडवून दिवस काढायच्या. मनगटं अशी झाली होती की बांगडी कोपरापर्यंत जावी.

तरुण डॉक्टर आला. "ऑपरेशनचं काम आम्ही केलं. आता खरं काम घरी. औषधं, जेवण, चालणं. घरी कोण आहे यांच्या?"

नणंदबाईंनी कुशनबाईकडे बघितलं. नर्सने कुशनबाईकडे बघितलं. मोबाइलच्या पडद्यावर लेक होती, दूरच्या शहरातून. तिनेही आईकडेच बघितलं.

"माझा घटस्फोट झालाय," कुशनबाई म्हणाली. दिवसभरात हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं होतं की ते आता तिलाच खोटं वाटायला लागलं होतं.

"हो, ते ठीक आहे," डॉक्टर म्हणाला. "पण घरी कोण आहे?"

"आई, थोडे दिवसच," लेक म्हणाली. "मला लगेच रजा मिळत नाहीये."

थोडे दिवस! जगातली सगळी ओझी थोडेच दिवस उचलायची असतात. कुशनबाईने एक सणसणीत वाक्य जुळवलं, आणि नेमकं तेव्हाच काचेतून मास्तर दिसले. कुणी ओळखीचं दिसतंय का, म्हणून मान वळवून बघत होते. ते वाक्य राहूनच गेलं. तिला स्वतःचा इतका राग आला की लिफ्टची वाट न बघता ती जिन्याने खाली उतरली.

मास्तरांच्या घराचं दार उघडलं आणि शिळ्या धुराचा भपकारा आला. सिंकमध्ये एकच कप, एकच बशी. औषधांच्या पट्ट्या कपाटात जशाच्या तशा, एकही गोळी न फोडलेली. बाहेरच्या खोलीत दोन आरामखुर्च्या होत्या, लग्नानंतर घेतलेल्या. एकीची बैठक पार खोल गेलेली, हातांवर सिगारेटने जळलेली भोकं. दुसरीचं, तिच्या खुर्चीचं, कापड कोरं, रंगही उडालेला नाही. कुशनबाई धंद्याच्या सवयीने खाली वाकली, तुटलेल्या स्प्रिंगा हाताने चाचपल्या आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग उठून खिडक्या उघडल्या आणि चिडून भांडी घासायला घेतली.

मास्तर घरी आले. पहिले दिवस शांततेत गेले, कारण त्यांना बोलायचं त्राण नव्हतं. तिने बिनमिठाचं सूप केलं, गोळ्या वेळेवर दिल्या, टाक्यांना पाणी लागू न देता अंग पुसून दिलं. मास्तरांना हळूहळू बरं वाटायला लागलं. आणि बरं वाटायला लागल्याची पहिली खूण म्हणजे आतल्या खोलीतून आवाज आला, "अगं, झाकण ठेव. वाफ जातेय."

तिने झाकण ठेवलं.

"पूर्ण नको. अर्धं. अर्धं!"

पुढच्या दोनेक दिवसांत डाव्या डोळ्यासमोर काचेचा चुरा चमकला. तिने आधी मानलंच नाही. ऊन लागलं असेल, झोप झाली नसेल. मग घण सुरू झाले आणि ती मास्तरांच्या न्हाणीघरात गुडघ्यांवर बसली. बाहेरून मास्तर काळजीने विचारत होते, "काय झालं गं? काही चुकीचं खाल्लंस का?" या माणसाला खरोखरच काही कळत नाही, हे तिला तेव्हा लख्ख कळलं. त्याने छळलं असतं तर किती सोपं झालं असतं! तो बिचारा फक्त बरा होत होता.

डोकेदुखी उतरली आणि दुपारी लेकीचा फोन आला. "आई, बाबांना सांग, चालायला लागा म्हणावं."

मास्तर समोरच बसले होते. "तिला सांग, पाय दुखतात."

"बाबांना सांग, दुखले तरी चालायचं."

"तिला सांग, तिकडे बसून हुकूम सोडणं सोपं असतं."

तेवढ्यात दुसऱ्या फोनवर नणंदबाई. "बबड्याला सांग, मी रागावलेय. बहिणीची चौकशी करायची पद्धत नाही का?"

कुशनबाईच्या दोन हातांत दोन फोन, समोर मास्तर. तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पोटात कळ उठली. बेंबीच्या वर, नेमक्या त्याच जागी, जिथे शाळकरी वयात उठायची. इतक्या वर्षांनी! तिने दोन्ही फोन बंद करून मास्तरांच्या मांडीवर ठेवले आणि चपला घालून थेट आपल्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

डॉक्टरीणबाईंनी प्रेशर बघितलं, पुन्हा बघितलं. "हे तुमचं नाही. तुमचं कधी इतकं नसतं. काय चाललंय?"

तिने सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा सोडला. "घरात जपणारं माणूस असलं की पेशंट लवकर बरा होतो, हे खरंय. अगदी खरंय."

"आणि जपणारं माणूस?"

"त्याबद्दल आम्हाला शिकवताना जरा घाईच केली होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळी देते. पण गोळीने घर बदलत नाही."

"गोळी ठेवा तुमच्याकडे," कुशनबाई म्हणाली. मग दारातून परत फिरून मुकाट्याने गोळी घेतली.

त्या रविवारी लेक आली. कुशनबाईने रिक्षा पाठवून नणंदबाईंनाही बोलावून घेतलं. मास्तरांच्या बाहेरच्या खोलीत सगळे बसले. कोऱ्या खुर्चीवर कुणी बसेना, म्हणून कुशनबाई स्वतः बसली.

"मी आज माझ्या घरी जातेय," ती म्हणाली. "आता कुणाच्या काळजीचा निरोप कुणी माझ्यामार्फत पाठवायचा नाही. ज्याला ज्याच्याशी बोलायचंय, त्याने त्याच्याशी बोला. तोंडं आहेत सगळ्यांना."

"आई, इतकी कठोर काय होतेस? ते आत्ताच मरणाच्या दारातून..."

"दारातून आले, कळलं मला! त्यांना दारातून आणायचं आणि मी जाऊन उभं राहायचं का तिथे?"

लेक खाली बघत म्हणाली, "मला बाबांना फोन करायचा म्हटलं की छातीत धडधडतं गं. काय सूचना देतील, काय बोलतील. म्हणून तुला सांगते."

"मी काय सूचना देतो?" मास्तर आश्चर्याने म्हणाले.

तिघीही एकदमच त्यांच्याकडे बघायला लागल्या. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा पुढचं वाक्य अर्धवट सोडलं.

"आता ऐका," कुशनबाई म्हणाली. "वन्सं, तुमच्याकडे तीन खोल्या रिकाम्या. तुम्ही एकटीसाठी शिजवत नाही. यांना कुणी शिजवून देत नाही. तुम्ही दोघं, एक फोनवर आणि एक समोर बसून, मला एकटं असल्याचं रडता. मग एकत्र राहा की!"

"याच्याबरोबर?" नणंदबाई किंचाळल्या. "लहानपणी माझ्या सायकलच्या मागे पळत ओरडायचा, ब्रेक दाब, ब्रेक दाब म्हणून!"

"हिच्याबरोबर?" मास्तर म्हणाले. "ही मला अजून नखं कापलीस का विचारते!"

"मग मरा दोघं आपापल्या घरी," कुशनबाई उठली. "पण मरताना मला फोन करू नका."

लेकीने तोंडावर हात ठेवला होता. कुशनबाईला वाटलं रडतेय, पण ती हसू दाबत होती.

दोघांनी महिनाभर ताणून धरलं. मग नणंदबाई न्हाणीघरात घसरता घसरता वाचल्या आणि घाबरल्या, आणि मास्तरांनी "ताईला सोबत हवी म्हणून" अशी सबब सांगून सामान हलवलं. तिथून पुढे त्या घरात अखंड भांडण. मीठ, पंखा, टीव्हीचा आवाज, वर्तमानपत्राची घडी. नणंदबाई सूचना ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या; मास्तर एक सांगत, त्या चार ऐकवत. मास्तरांना आयुष्यात असं कुणी भेटलंच नव्हतं. बहिणीचा तोफखाना सुरू झाला की ते बूट घालून बाहेर पडत, आणि तोफखाना रोज दोनदा सुरू होई, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं आपोआप व्हायला लागलं. नणंदबाई भावासाठी भाजी शिजवायच्या म्हणून स्वतःही जेवायला लागल्या. भांडायला अंगात ताकद लागते. मधे मास्तरांच्या खिशात सिगारेट सापडली तेव्हा नणंदबाईंनी असा काही तमाशा केला की खालच्या मजल्यावरच्या माणसानेसुद्धा सिगारेट सोडायचा विचार केला म्हणे.

साखर उतरली. सगळंच सुधारलं असंही नाही. मास्तरांना जिना चढताना अजून थांबावं लागे आणि नणंदबाईंचे गुडघे गुडघेच राहिले. लेक आता बापाला थेट फोन करायची. मास्तर सूचना द्यायला लागले की म्हणायची, "बाबा, ठेवू का?" आणि मास्तर चक्क थांबायचे.

कुशनबाईचं प्रेशर खाली आलं. ती मनातल्या मनात थोडी मिजास मारायला लागली. बघा, मी कशी एकटी, ठणठणीत! आणि एका सकाळी वरच्या फळीवरून फोमचा गठ्ठा काढताना स्टुलावरून पडली. उजवं मनगट मोडलं. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. ती लाकडाच्या भुशात पडून हाका मारत राहिली आणि दुपारी गिऱ्हाईक आलं तेव्हा कुठे कुणाला कळलं. त्या पडून राहण्यात तिने पुष्कळ विचार केले, त्यातला एकही तिला आवडला नाही.

प्लास्टर घालून परतली तर दुकानाच्या दारात रिक्षा उभी. मास्तर आणि नणंदबाई, दोघं एकमेकांना ढकलत उतरत होते.

"आमच्याकडे चल," नणंदबाई म्हणाल्या. "दोन खोल्या अजून रिकाम्या आहेत."

"नाही!" कुशनबाई इतक्या मोठ्याने ओरडली की रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं.

"बरं बाई, नाही तर नाही. डबा पाठवीन." त्या म्हणाल्या, आणि खरंच पाठवायला लागल्या. डबा घेऊन मास्तर यायचे. पहिल्या दिवशी ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी रेंगाळले. एका सोफ्याचं काम अर्ध्यावर अडकलं होतं, गिऱ्हाईक तगादा लावत होतं आणि कुशनबाईच्या डाव्या हाताने हातोडी धरवत नव्हती.

"मी ठोकू का?" मास्तरांनी विचारलं. विचारलं, हे तिच्या कानांनी नीट टिपलं.

"जड काम चालेल का तुमच्या छातीला?"

"डॉक्टर म्हणाले, हातोडी चालेल. बहीण चालत असेल तर काहीही चालेल."

तिने खिळे त्यांच्या हातावर ठेवले. "ओठांत धरा. जिभेने पुढे सारा. आणि तोंडात खिळे असताना बोलायचं नाही, गिळाल."

मास्तरांनी खिळे तोंडात भरले. गाल फुगले. त्यांनी काहीतरी सांगायला हात वर केला, मग खाली घेतला.

"कापड ताणा. इतकं नाही. कोपऱ्याकडे ओढा. आता ठोका. तिथे नाही, अलीकडे. अहो, अलीकडे!"

दुपारभर काम चाललं. सोफ्याची पाठ थोडी वाकडी झाली, ती तिने उसवून पुन्हा मारून घेतली. मास्तरांच्या कपाळावर घाम आला तेव्हा तिने त्यांना बसवलं, पाणी दिलं. त्यांनी खिळे काढून वाटीत टाकले.

"अगं, किती सूचना देतेस!" ते म्हणाले. "माझं डोकं दुखायला लागलंय."

कुशनबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. चेष्टा नव्हती, तक्रार होती, अगदी मनापासूनची. मग म्हणाली, "दुखेल. घरी जा आता. वन्सं वाट बघत असतील."

"उद्या येऊ का?"

"सकाळी या. दुपारपर्यंतच. आणि गोळी घेऊन या."

मास्तर डबा हातात घेऊन निघाले. वळणापर्यंत त्यांची चप्पल घासत गेल्याचं ऐकू येत होतं. कुशनबाईने डाव्या हाताने शटर खाली ओढलं, ते अर्ध्यात अडकलं, तिने त्याला दोन शिव्या हासडल्या, गुडघ्याने रेटलं आणि वर आपल्या खोलीत जाऊन पाय पसरून बसली.